हाताळणीत फाटला

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आणखी दोन आवरणं फाटली! सदतीस अंशांच्या खाऱ्या पाण्यात शहाण्णव दिवस, आणि चिमट्यात धरताक्षणी काठाकडून उकलली. सेन्सर म्हणे दंडात, कातडीखाली सहा महिने साखर मोजणार. वरचं पॉलिमरचं आवरण तीन महिन्यांतच राम म्हणतंय! ते फाटलं की आकडा चुकणार, आणि माणूस त्या आकड्यावर इन्सुलिन टोचून घेणार.

श्रीधर सर म्हणाले, "मंदाकिनीबाई, चिमटा जरा हलक्या हातानं धरत जा."

एकवीस वर्षं चिमटाच धरतेय मी!

५ नोव्हेंबर

सलिलनं रिपोर्ट सहीसाठी पाठवला. वीस नमुन्यांपैकी सहा गायब. उरलेल्या चौदापैकी चौदा पास! जाब विचारला तर म्हणतो, "मॅडम, ते सहा हँडलिंग डॅमेज आहेत ना, काउंटच होत नाहीत. लॅबची पद्धतच आहे ती."

वा रे पद्धत! नापास झालेला पोरगा परीक्षेला बसलाच नव्हता म्हणायचं.

६ नोव्हेंबर

सही केली नाही. करणारही नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांच्या केबिनमध्ये आवाज चढला — माझाच. सोमवारी बारा जणांना सेन्सर बसवणार आहेत. मी म्हटलं, "धड आवरण चिमट्यानं फाटत नाही, सर. फाटलं म्हणजे ते आधीच गेलेलं होतं. सहाच्या सहा मोजा!"

सर शांतपणे म्हणाले, "अहो, आपण आजवर मोजत नव्हतोच की."

आपण! मला कशाला ओढता तुमच्यात? डबा तसाच परत आणला. कर्वेनगर ते विश्रांतवाडी, मनातल्या मनात भांडतच आले. उद्या जुनी रजिस्टरं काढते. ही पद्धत कुणी सुरू केली ते शोधून नाव सरांसमोर आपटते की नाही बघा!

८ नोव्हेंबर

पहिली बॅच, गेल्या वर्षीची. सात ठिकाणी शेरा — 'हाताळणीत फाटला, मोजू नये.' अक्षर माझं. खाली सहीही माझी. चिमटा निसटला असं वाटलं असेल तेव्हा. आठवतसुद्धा नाही.

त्या बॅचचे सेन्सर एकवीस जुलैला नऊ जणांच्या दंडात बसवले. आज एकशे दहावा दिवस.