‘निर्मळ-७’ आणि माझी जादा प्रतिकारशक्ती

३ जून
‘निर्मळ-७’ जमलं. साबणाचा चुरा, सोडा, रॉकेल, चाळलेला भुसा. हाताचं ग्रीस दोनदा चोळलं की साफ. केमिस्ट्री कुठे शिकलो नाही, म्हणूनच जमलं. मेहुण्याच्या गॅरेजात आठ मेकॅनिक. त्याला नमुन्याचा डबा दिला. म्हणाला, दाजी, महिनाभर स्वतः वापरा, मग हात दाखवा. चांगले असले तर कायमची ऑर्डर तुमची.

८ जून
बोटांच्या बेचक्यांत लाली, भेगा. हवामान. बायको म्हणाली, हवामान मनगटापर्यंतच आहे वाटतं.

११ जून
स्किनचा डॉक्टर. वय कमी, अक्षर वाईट. म्हणाला, ही ॲलर्जी नव्हे, रोज काहीतरी झोंबणारं लागतंय, काय वापरता? म्हणालो, साबण. (तत्त्वतः खरं.) मलम दिलं, टॅक्रोलिमस. स्टेरॉइड नाही, त्वचेतली खवळलेली प्रतिकारशक्ती शांत करतं. म्हणजे माझी प्रतिकारशक्ती जास्त आहे. घरी सांगितलं. बायको म्हणाली, तुमचं सगळंच जास्त असतं.

१२ जून, सकाळ
मलमाने हातांची आग आग. माहितीपत्रकात लिहिलंय, सुरुवातीला जळजळ होते, मग ओसरते. ‘निर्मळ’च्या डब्यावर हेच वाक्य छापावं.

१६ जून
मलम स्वच्छ हाताला लावायचं, म्हणून आधी ‘निर्मळ’ने खसखसून धुतो. पुन्हा भेगा. मलमात दम नाही.

१७ जून
निर्णय: ‘निर्मळ’ तूर्त बंद, मलम चालू. याला चाचणीतला विराम म्हणतात. बायकोला सांगितलं नाही. ती न विचारताच हसली.

२ जुलै
हात लोण्यासारखे. ‘निर्मळ’ निर्धोक असल्याचं सिद्ध. कार्डं छापायला टाकली.

३ जुलै, संध्याकाळ
मेहुण्याने माझे हात उजेडात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाला, कमाल आहे दाजी. मग मेकॅनिकांना हाक मारली. नमुन्याचा डबा त्यांनी चाटूनपुसून संपवला होता. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत लाल. त्यांतला वयस्क म्हणाला, साहेब, तुम्ही वरून काय लावता तेवढं सांगा.
सांगावं लागलं. मेहुणा म्हणाला, मग उद्या सगळ्यांना त्याच डॉक्टरकडे न्या. फी, औषध तुमच्याकडे.

४ जुलै
डॉक्टरने विचारलं, काय वापरता? आठही जणांनी माझ्याकडे बोट दाखवलं.
‘निर्मळ-८’साठी भुसा आणखी बारीक चाळावा.