रजिस्टरातली आठ मिनिटं

प्रिय चिमणे,

आजीचं पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो काय, मी लग्न होऊन आले तेव्हापासून कुरकुरतोय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, लावून लावून वाच. चौथीपर्यंतची शाळा, तीही चौथीत दोनदा. तुझ्यासाठी पत्र लिहायचं म्हणून नवा पेन आणलाय, दुकानदार म्हणाला आजी प्रेमपत्र का, मी म्हटलं हो, तुला काय करायचंय.

तुझी बातमी कळल्यापासून मला घरात चैन नाही. टोपी विणली, ती मोठी झाली. उसवून पुन्हा विणली, ती लिंबाला बसेल एवढी झाली. आता दोन्ही पाठवते, बाळाचं डोकं मधल्या मापाचं निघालं तर माझा नाइलाज आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईला मी रोज सांगते की मी पणजी होणार, ती म्हणते काल पण सांगितलंत, मी म्हणते काल सहा आठवडे आणि एक दिवस उरला होता, आज नुसते सहा आठवडे. हे पत्र मात्र तुला बाळ व्हायच्या आधी वाचायचंय, नंतर नाही. आई तिकडे यायच्या आत. म्हणून कोपऱ्यावरच्या पेटीत न टाकता मी मोठ्या पोस्टात जाऊन देणार आहे.

परवा फोनवर तू म्हणालीस की डॉक्टरीण बाईंनी विचारलं, घरात कोणाला काही आजार होता का. तुझी आई माझ्या शेजारीच बसलेली. माझ्या हातातून फोन घेऊन तिनं सांगितलं, आमच्याकडे कोणाला काही नाही, सगळे धडधाकट. मी मान हलवली. फोनवर मान हललेली दिसत नाही, पण मी हलवली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तुला माहीत आहे की मी दवाखान्यात कामाला होते. काय काम ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. मी रक्त तपासायच्या खोलीत काचेच्या नळ्या धुवायचे. एकोणीस वर्षं. आता त्या नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत, एकदा वापरून फेकतात. तेव्हा काचेच्या होत्या, करंगळीएवढ्या, आणि रोज दोन-अडीचशे निघायच्या. गरम पाणी, सोडा, लांब दांडीचा ब्रश, मग जाळीच्या टोपलीत उलट्या. माझी बोटं बारा महिने सुरकुतलेली. तुझी आई लहानपणी म्हणायची, आई तुझे हात आजीचे आहेत आणि तोंड आईचं.

नळ्या धुता धुता मला रक्त कळायला लागलं. वाचून नाही, बघून. ज्या नळीत न गोठण्याचं औषध घातलेलं असतं ती उभी ठेवली की रक्त आपोआप थर धरतं. खाली लाल गाळ, वर उन्हासारखं पिवळं पाणी, आणि दोघांच्या मधे दुधावरच्या सायीएवढा पांढरा पदर. आमचे तपासनीस म्हणायचे, बाई, तो पांढरा पदर म्हणजे शिपाई, रोगाशी भांडतात, आणि लाल ते हमाल, श्वास वाहतात. रक्ताचा गट बघायचा तर पांढऱ्या टाइलवर थेंब घेऊन औषध टाकायचे. रवा पडल्यासारखे कण दिसले की एक अर्थ, नाही दिसले की दुसरा. आणि औषध न घातलेल्या नळीत चांगलं रक्त पाच-दहा मिनिटांत जमतं, घट्ट, नळी उलटी केली तरी पडत नाही. ते धुवायला फार जिवावर यायचं. ब्रश घालून खरवडावं लागायचं.

या तपासनिसांना मी घड्याळबाबा म्हणायचे, मनातल्या मनात, मग तोंडावर. रक्त किती वेळात जमतं ते बघायची तपासणी असायची. रोग्याचं रक्त तीन नळ्यांत घ्यायचं, कोमट पाण्यात उभं करायचं, आणि दर मिनिटाला नळी तिरकी करून बघायचं. ते हातात घड्याळ धरून बसायचे आणि मी मागून कपडा पिळता पिळता सांगायचे, जमलं. ते तिरकी करून बघायचे तर जमलेलं. म्हणायचे, बाई, तुमच्या डोळ्यांत काटे आहेत का घड्याळाचे. मग पुढे पुढे असं झालं की वॉर्डातून बोलावणं आलं की ते नळ्या माझ्यावर सोपवून जायचे. परत आले की मी मिनिटं सांगायचे, ते रजिस्टरात लिहायचे. नियमात बसत नव्हतं, पण कधी चूक निघाली नाही. धुणाऱ्या बाईच्या शब्दावर तपासनीस सही करतो, याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू. चार बायकांत मी मुद्दाम ती गोष्ट काढायचे.

आता तुझ्या मामाचं. फोटोतला मामा तुला माहीत आहे, दात पडलेला, हसणारा. तो तुझ्या आईपेक्षा अकरा वर्षांनी लहान, माझं शेंडेफळ. फार बोलका. माझ्यावर गेलेला. सारखा धडपडायचा, गुडघे सुजायचे, अंगावर निळे डाग. आम्ही म्हणायचो, हा पायाकडे न बघता चालतो. तो नऊ वर्षांचा असताना त्याचा दात पडला आणि रक्त थांबेना. तीन दिवस उशी भिजत होती. त्याला गंमत वाटायची, लाल थुंकून दाखवायचा. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, रक्त जमण्याचा वेळ बघून या. म्हणजे आमच्याच खोलीत.

घड्याळबाबांनी स्वतः रक्त घेतलं. तो रडला नाही, सुईला म्हणाला हळू. तीन नळ्या पाण्यात ठेवल्या, आणि तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं. बाई, बघा, असं म्हणून ते गेले. त्याला मी बाहेर बाकावर बसवलं, बिस्किट दिलं, आणि बघत उभी राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधराव्या मिनिटाला मी पहिली नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं काठापर्यंत धावत आलं. वीस झाली. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच.

चिमणे, मला कळलं. न कळायला मी काही नवखी नव्हते. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना ओठ फाटल्याचं निमित्त होऊन, रक्त न थांबून वारला होता, माझी आई म्हणायची त्याचं रक्तच पातळ. आणि त्याच्या आदल्या वर्षी वॉर्डात असाच एक मुलगा होता, तेव्हा घड्याळबाबांनी मला समजावलं होतं की रक्त जमवणारी एक वस्तू या मुलांच्यात कमी असते. ती खोट आईकडून येते. आईला बहुतेक वेळा काही होत नाही, मुलीही तशाच घेऊन फिरतात, आणि मुलगा झाला की त्याला भोगावं लागतं. त्याच मुलाबद्दल चहाच्या खोलीत तुझ्या बाबांची आत्या, ती वॉर्डात नर्स होती, सगळ्यांसमोर म्हणाली होती की असल्या घरातली मुलगी मी आमच्या दारात उभी करणार नाही. आणि तुझ्या आईचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. तुझ्या बाबांशी. रजिस्टरातलं त्या आत्याच्या कानावर जायला एक चहा पुरला असता.

मी तिन्ही नळ्या मोरीत ओतल्या. ब्रश लागला नाही. एकदा पाणी फिरवलं आणि काच लख्ख. एकोणीस वर्षांत इतक्या सहज धुतलेल्या नळ्या त्याच. घड्याळबाबा धापा टाकत आले, मी पाठमोरी राहून म्हटलं, जमलं, आठ मिनिटं, धुऊन पण टाकल्या. त्यांनी आठ लिहिले. म्हणाले, चला, पोराला शाबासकी द्या. मी बाहेर जाऊन दिली.

लग्न झालं. तुझी आई फार सुंदर दिसत होती, मामा सगळ्या फोटोंत मधे घुसलेला आहे, बघ. सात महिन्यांनी त्याच्या घशातल्या गाठी सुजल्या, काढायच्या ठरल्या. मी शल्यवैद्यांना विचारलं, काढायलाच हव्यात का. त्यांनी फाइल उघडून दाखवली, म्हणाले, काळजी नको बाई, रक्त आठ मिनिटांत जमतं याचं. तो आठचा आकडा मला वाचता येत होता. तेवढं शिक्षण होतं. खाटेच्या एका बाजूला आत्या उभी, दुसऱ्या बाजूला तुझी आई, नवी साडी नेसून. मी म्हटलं, बरं.

पुढचं थोडक्यात सांगते. रक्त थांबलं नाही. माझा आणि त्याचा गट एकच, म्हणून माझं रक्त काढून त्याला चढवलं, दोन बाटल्या. मी बाकावर बसून बघत होते, माझं रक्त नळीतून त्याच्या हातात जात होतं आणि तोंडाजवळच्या भांड्यात येत होतं. माझ्यात लाल होतं ते मी दिलं, पण ती जमवणारी वस्तू दोन बाटल्यांत पुरेशी नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी धुण्याच्या मोरीपाशी घड्याळबाबांना सगळं सांगितलं. ते तसेच धावत गेले. रक्ताचं ते वरचं पिवळं पाणी वेगळं काढून बर्फात ठेवतात, त्यात ती वस्तू असते. दवाखान्यात दोनच पिशव्या होत्या. दोन्ही दिल्या. दुपारी तो गेला. शेवटी बोलता येत नव्हतं त्याला, ज्याचं तोंड कधी मिटलं नाही त्याला. माझ्या हाताच्या सुरकुत्या मोजत होता.

तुझी आई आजपर्यंत त्या शल्यवैद्यांना शिव्या देते. त्यांनी वर्षभरात गाव सोडलं. मी एकदाही म्हटलं नाही की त्यांचा दोष नाही. घड्याळबाबांनीही कोणाला सांगितलं नाही, त्यांची सही होती ना त्या आठवर. पण निवृत्त होताना मला म्हणाले, बाई, लेकीला दिवस राहिले की सांगा, तेवढं तरी करा. राहिले तेव्हा मी नऊ महिने तोंड उघडलं नाही. आणि तू झालीस. मुलगी झाली हे ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून हसले, लोक म्हणाले आजीला केवढा आनंद. आनंद होताच, तुझ्याएवढा आनंद मला जन्मात कोणी दिला नाही. पण त्या हसण्यात निम्मी सुटका होती, मेली. तुझ्या आईला दुसरं मूल झालं नाही, आणि मी विसरल्यासारखी जगले. मग तू वीस वर्षांची असताना अक्कलदाढ काढलीस आणि दोन दिवस रक्त येत राहिलं. तू फोनवर हसत होतीस, आजी मी रक्तपिशाच्च झाले. मी पण हसले आणि फोन ठेवून मोरीपाशी जाऊन उभी राहिले.

मंगळवारी मी दोन गाड्या बदलून नव्या रक्तपेढीत गेले. तिथल्या मुलीला सगळं विचारलं, माझ्या मैत्रिणीच्या नातीचं म्हणून. ती फार गोड, मला बसवून पाणी दिलं. म्हणाली, आजी, आता घाबरायचं कारण नाही, त्या वस्तूचं इंजेक्शन मिळतं, अशी मुलं शाळेत जातात, चेंडू खेळतात, लग्नं करतात. फक्त डॉक्टरांना आधी माहीत पाहिजे. माहीत नसलं आणि बाळाला चिमटा लावून ओढलं, तर डोक्यात रक्त साकळतं. माहीत असलं तर जपून काढतात. आईलाही बाळंतपणात जास्त रक्त जाऊ शकतं, तिची पण तयारी ठेवतात. मग म्हणाली, तुमच्या मैत्रिणीला सांगा, उशीर करू नका. तिला कळलं असावं मैत्रीण कोण ते.

फोनवर हे मला जमलं नसतं. फोनवर आईचा आवाज मागून आला असता आणि मी पुन्हा आठ म्हटलं असतं. म्हणून लिहिलं, कागदावर लिहिलेलं मोरीत ओतता येत नाही. हे पत्र पोचलं की त्याच दिवशी डॉक्टरीण बाईंकडे जा आणि त्यांच्या हातात दे. सगळं वाचू दे, माझं अक्षर लागलं नाही तर तू वाचून दाखव. तुझं रक्त तपासून घे. मग आईला दाखव. ती माझ्याशी बोलायची बंद होईल, होऊ दे, तो तिचा हक्क आहे, तिला अडवू नकोस आणि माझी बाजू घेऊ नकोस. त्या शल्यवैद्यांची माफी मागायला मी पत्ता शोधते आहे, सापडेल की नाही कोण जाणे. आणि बाळ झालं की, मुलगा असो की मुलगी, नाळेतलं थोडं रक्त नळीत धरायला सांग, ती मुलगी म्हणाली त्यातून कळतं. टोपी नंतर घाला, आधी ते. त्या नळीपाशी कोणालाही एकटं सोडू नकोस. कितीही विश्वासाचं माणूस असलं तरी. डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिल्याशिवाय ती नळी कोणाला उचलू देऊ नकोस.

तुझीच,
नळ्या धुणारी आजी