वळणावरचा फलक

३ एप्रिल
निश्चय. नदीच्या वळणावर धोक्याचा फलक मी स्वतः लावणार. तिथलं पाणी वरून गुळगुळीत दिसतं आणि खालून ओढतं. मागच्या वर्षी एकजण गेला. तरी दर रविवारी सगळी फौज तिथेच डुंबायला, आणि सेनापती कोण, तर माझा मेहुणा. ज्याने त्याने आपली जबाबदारी उचलली तर कुणी बुडणार नाही. मी उचलली.
मला पोहता येत नाही हे खरं. पण पोहण्यावरची दोन पुस्तकं वाचून काढलीत. घड्याळदुरुस्तीही मी अशीच शिकलो, कुणाच्या हाताखाली नाही.

५ एप्रिल
हिला बेत सांगितला. म्हणाली, अहो, एक लांब दोरी आणि हवेची ट्यूब बांधून ठेवा तिथे, पुरे. हिला मुळाशी जायची सवयच नाही. दोरी बुडाल्यावर कामाची. मी बुडण्याच्या आधीचं बोलतोय. तरी बांधीन. फलक झाल्यावर.

९ एप्रिल
नियम चौदा झाले. मुलगी म्हणाली, बाबा, 'पाणी खोल आहे' एवढंच लिहा ना. खोल म्हणजे किती? कुठे? कोणत्या महिन्यात? या पिढीला तपशील म्हटला की जांभई येते.

१६ एप्रिल
डोळ्याला भिंग लावून, सर्वांत बारीक ब्रशने लिहिलं. चौदाही नियम एका फळीवर, समास सोडून. शेजारचा शिंपी बघून म्हणाला, मुंग्या छान काढल्यात. ज्याला स्वतःला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची.

२० एप्रिल
फलक लावला. घाटाच्या वरचा खांब तिरका निघाला. तिरक्या खांबावर माझा फलक? शक्य नाही. खाली, शेवटच्या पायरीपाशी सरळ खांब आहे, त्यावर ठोकला. ओळंबा लावून तपासला.
दोरी राहिली. कुठली घ्यायची यावर आधी वाचायला हवं.

रविवार, २८ एप्रिल, संध्याकाळ
अक्षर बिघडतंय.
मेहुण्याला मुद्दाम फलक दाखवायला नेलं. ही बरोबर होती. मेहुणा वरून म्हणाला, दाजी, काहीच दिसत नाही. म्हटलं, जवळ जा. चार पायऱ्या उतरला. अजून नाही दिसत. म्हटलं, आणखी जवळ. शेवटच्या पायरीवर वाकून मोठ्याने वाचू लागला. नियम नऊ, शेवटच्या पायरीवर शेवाळ असल्याने तेथे उभे...
पुढचं पाण्यात गेलं.
पट्टीचा पोहणारा, पण ओढीने त्याला वळणाकडे नेलं. कोपऱ्यावरच्या दगडाला एका हाताने लटकला. मग तो हातही सुटायला लागला. पुस्तकातलं पान आठवत होतं, पानावरचं काही आठवेना. मी 'घाबरू नकोस' म्हणालो असं मला वाटतं. ही म्हणते, तुम्ही 'नियम बारा, नियम बारा' ओरडत होतात.
हिने फलक खांबावरून उखडला, एक टोक धरलं, दुसरं त्याच्याकडे सारलं. वीतभर कमी पडत होतं. ही गुडघाभर पाण्यात उतरली. मग पुरलं.
मी कोरडा होतो.

२९ एप्रिल
मेहुणा ठीक आहे. घसा बसलाय. जेवताना म्हणालो, काही म्हणा, जीव शेवटी फलकानेच वाचवला, आणि लाकूड मी निवडलं होतं. ही ताट घेऊन उठली.
दुपारी जाऊन तिने दोरी आणि ट्यूब बांधली. वरच्याच खांबाला. खांब सरळ करून देऊ का, विचारलं. म्हणाली, तुम्ही राहू द्या.

१ मे
हिने निकाल दिला. पोहायला शिका, नाहीतर नदीकडे फिरकू नका. माझं नाव पोहण्याच्या तलावावर परस्पर घातलं. हरकत नाही. सिद्धान्त पक्का आहे, आठवड्याभरात संपवीन.

६ मे
तलावावर मेहुणा सोडायला आला. शिक्षिकेने विचारलं, काका, पोहता येतं का? म्हटलं, तत्त्वतः. तिने उथळ बाजूला नेलं, बाजूला सगळी पहिलीतली पोरं. कडेचा दांडा धरून पाय मारायचे. दांडा निसटला. नाकातोंडात पाणी, कान बंद, वरचं खालचं कळेना. नियम सगळे गेले. एक हात तेवढा वर काढला.
शिक्षिका शांतपणे म्हणाली, काका, उभे राहा.
उभा राहिलो. पाणी कमरेला होतं.
पोरं हसली. मेहुणा कडेला बाकावर बसला होता. तो हसला नाही. टॉवेल घेऊन उठला होता.