खंडेनवमीला पुसलेली गाडी

आप्पा, गेल्या रविवारी मी ती गोष्ट पुन्हा सांगितली. पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये छोट्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. माझ्याही अकरा गाड्या मांडलेल्या. एका गृहस्थांनी वाकून वाकून पाहिलं आणि विचारलं, बाकीच्यांच्या गाड्या खेळण्यासारख्या दिसतात, तुमच्या आत्ता रस्त्यावरून आल्यासारख्या कशा दिसतात? मग मी नेहमीसारखी सुरू झाले. नवी सून, खंडेनवमीचा दिवस, हातात रॉकेलचा बोळा, आणि सासऱ्यांनी महिनाभर खपून मंद केलेला छोट्या गाडीचा बंपर सूनबाईंनी पाच मिनिटांत लख्ख करून ठेवलेला. बिचारीला काय ठाऊक! लोक हसले. लोक नेहमी त्याच जागी हसतात. मीही हसले, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा पत्ता कुठला घालायचा हा प्रश्न नाही. तुम्ही असतात तर शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करून परत दिलं असतंत, तेवढ्यापुरती मी सुटले.

तुमचं मागच्या खोलीतलं टेबल अजून तिथंच आहे, खिडकीला लागून. अठ्ठावीस वर्षं तुम्ही पिंपरीच्या कारखान्यात प्लेटिंग खात्यात काढलीत. बंपर, दिव्यांच्या कड्या, दाराची हँडल, जे जे गाडीवर चकाकतं ते ते तुमच्या हाताखालून गेलं. आणि निवृत्त झाल्यावर त्याच गाड्या पत्र्याच्या आणि लाकडाच्या, वीतभर लांबीच्या, करायला बसलात. पितळेचे चिमुकले बंपर कापायचे, जुन्या खात्यातल्या मित्राकडून त्यांना क्रोम चढवून आणायचं, आणि एवढा खटाटोप करून आलेली ती चकाकी पुन्हा स्वतःच्या हातांनी मारायची. निरांजनावर चमचा धरून काजळी जमवायची, टर्पेंटाईन आणि मॅट वार्निशच्या चार थेंबांत कालवायची, तीन केसांच्या ब्रशानं लावायची आणि लगेच कापसानं टिपून घ्यायची. माझ्या देवघरातलं निरांजन आणि माझ्या स्वयंपाकघरातला चमचा. चमचा काळा करून तुम्ही निमूटपणे मोरीत ठेवायचात आणि मी निमूटपणे घासायचे. पहिल्या वर्षी आपलं बोलणं एवढंच होतं.

मी कात्रजकडच्या गावातली. आता ते गाव शहरात जिरलं, तेव्हा तिथं आमची शेती होती, गोठा होता, डेअरीला दूध घालणारा वडिलांचा टेम्पो होता. माझ्या तोंडात तिथली भाषा होती आणि ती तुमच्या पेठेतल्या कानाला टोचायची. त्या वर्षी गणपतीत आठदहा माणसं घरी आली होती. मी चहा दिला आणि डॉक्टरांना विचारलं, "साखर कमी हाय का?" डॉक्टर काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "साखर ठीक आहे. 'आहे' म्हटलं असतंस तर चहा आणखी गोड लागला असता." सगळे हसले. तुमचा मुलगासुद्धा हसला, त्याला मी अजून अधूनमधून ऐकवते. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. त्यांनी कप उचलला आणि म्हणाले, चहा उत्तम झालाय. मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि ठरवलं की या घरात आता गरजेपुरतंच बोलायचं. माझ्या आईचा शब्द होता तो, आप्पा. मला फार लागलं होतं.

डॉक्टर म्हणजे तीन इमारती पलीकडचे. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात रिक्षा मिळेना तेव्हा त्यांनी तीनदा स्वतःच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेलं होतं. तिसऱ्या वेळी सासूबाई परत आल्या नाहीत. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, शेजारणींनी सांगितलं. डॉक्टरांनी गाडी घेतली तेव्हा रस्त्यावर दोनच तऱ्हांच्या गाड्या दिसत, त्यातली ती लहान, फिकट हिरवी. डॉक्टर दवाखाना बंद करून मुलीकडे बंगळूरला कायमचे चालले होते, गाडी विकली होती पण अजून दारातच होती, आणि दसऱ्याच्या दुपारी ते निघणार होते. तुम्ही त्यांच्यासाठी तीच गाडी करत होतात. पावसाळाभर फाटकापाशी उभं राहून तुम्ही तिची टिपणं काढलीत. डाव्या कोपऱ्यातला पोचा, मागच्या काचेवरचा चिकटपट्टीचा डाग, सगळं. आभार मानायची तुमची जीभ नव्हती, म्हणून हातांनी मानणं चाललं होतं.

खंडेनवमीला सकाळी मी सगळं घासूनपुसून काढलं. विळी, खलबत्ता, शिवणयंत्र, जिन्याखालची स्कूटर. स्कूटरचा मडगार्ड रॉकेलनं पुसला तोच बोळा घेऊन मागच्या खोलीत गेले. तुम्ही झेंडू आणायला मार्केट यार्डात गेला होतात. परत आलात तेव्हा ती छोटी हिरवी गाडी टेबलावर होती, कपाळाला कुंकू, टपावर एक फूल, आणि पुढचा-मागचा बंपर, दिव्यांच्या कड्या, चाकांच्या वाट्या, सगळं आरशासारखं. दुकानातलं खेळणं जसं. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. मी दाराशी उभी होते. तुम्ही म्हणालात, "छान. आता चावी द्या, म्हणजे पळेल." आवाज चढवला नाहीत. पण हातातली झेंडूची पिशवी कुठं ठेवावी हे तुम्हाला कळत नव्हतं, ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर जाणार होते. वार्निश वाळायला रात्र लागायची. म्हणजे उजेड असेतो जे होईल तेवढंच, आणि त्या आठवड्यात तुमचा उजवा हात थरथरत होता. महिनाभराचं काम त्या हाताला एका दुपारी जमणार नव्हतं.

तेव्हा तुम्ही खुर्ची सरकवलीत आणि ब्रश माझ्या हातात दिलात. देताना काहीतरी म्हणालात, ते शेवटी लिहिते. मी बसले. तुम्ही शेजारी स्टुलावर. घरात सगळे जेवायचे थांबले होते, तुमच्या मुलाला तुम्ही सांगितलंत की वाढून घे, आम्ही कामात आहोत. 'आम्ही' हा शब्द मी तेव्हा ऐकला. मग तुम्ही बोलायला लागलात, वर्षभरात बोलला नव्हतात इतकं. म्हणालात, "गाडी चोवीस पटींनी लहान करता येते. ऊन लहान करता येत नाही. खऱ्या बंपरावर जेवढी तिरीप पडते तेवढीच या बोटभर पट्टीवर पडते, म्हणून डोळ्याला ते खोटं वाटतं. गाडी लहान केली की तिची चकाकी आपणच लहान करायची." मी काजळीचा ब्रश फिरवत होते आणि तुम्ही सांगत होतात. फार लावलंस, टीप. आता थांब. खाली जास्त, वर कमी. चिखल खालून येतो.

दाराच्या हँडलपाशी आले तेव्हा मी थांबले. टिपणवहीत तुम्ही लिहिलं होतं की हँडलही बंपराएवढंच मंद करायचं. मी म्हणाले, हे नको. का, असं तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, की आमचा टेम्पो मी दर आठवड्याला धुवायचे, सगळी चकाकी गेली होती त्याची, पण वडिलांच्या बाजूचं हँडल कायम लख्ख असायचं. "रोज हात लागतो ना तिथं. हातानंच घासलं जातंय. डॉक्टर तीस वर्षं त्याच दारानं चढत्यात. बाकीची तीन दारं मंद करू, त्यांचं राहू द्या." 'चढत्यात' म्हणाले ते माझ्याही लक्षात आलं आणि मी ओठ आवळला. तुम्ही वहीतली ती ओळ पुन्हा वाचलीत. मग चप्पल घातलीत आणि भर उन्हात डॉक्टरांच्या फाटकापाशी जाऊन आलात. परत येऊन वहीत जुनी ओळ खोडलीत, नवी लिहिलीत, आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं. अठ्ठावीस वर्षं मी हँडल बनवली. हे मला दिसलं नव्हतं." एवढ्या सरळपणे हार मान्य करणारा माणूस मी आमच्या गावात पाहिला नव्हता, पेठेत तर नाहीच नाही. 'चढत्यात'वर तुम्ही काही बोलला नाहीत. पुढं कधीच बोलला नाहीत. त्या दिवसापासून मी या घरात माझ्या आईसारखी बोलले आणि चहा कधी कमी गोड लागला नाही.

दसऱ्याच्या सकाळी आपण दोघं आपट्याची पानं आणि गाडी घेऊन गेलो. डॉक्टरांच्या घरात सामान बांधलेलं, बसायला एकच खुर्ची. त्यांनी गाडी तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेली, पोचा बघितला, हसले. मग त्यांचा अंगठा आपोआप ड्रायव्हरच्या दाराकडे गेला आणि त्या लख्ख हँडलवर टेकला. दार उघडायच्या बेतात असल्यासारखा. ते तसेच उभे राहिले आणि मग डोळे पुसायला आत गेले. परत आल्यावर त्यांनी हँडल कुणी केलं असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "सूनबाईंनी." मग काल काय घडलं ते सांगितलंत. पोरीनं भक्तिभावानं पुसली हो गाडी, तिला काय ठाऊक. पुढं येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही ते असंच सांगत राहिलात, आणि तुमच्याकडून मी ती गोष्ट उचलली.

त्यानंतरची तेरा वर्षं मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर होते. शेवटी शेवटी खुर्चीवर मी आणि स्टुलावर तुम्ही. दोनशेच्या वर गाड्या झाल्या असतील, आणि एकाही गाडीचा मंदपणा दुसरीसारखा नाही, कारण तुम्ही मला आधी गाडीच्या मालकाबद्दल विचारायला शिकवलंत. कुठं राहतो, कुठं लावतो, कोण धुतं. आता बाजारात फवारायच्या बाटल्या मिळतात, एकदा दाबलं की सगळी चकाकी एकसारखी जाते. मी वापरत नाही. तुमचा तीन केसांचा ब्रश तुम्ही मला दिलात तेव्हा त्यात दोनच केस उरले होते, आणि म्हणालात की एक मी पेन्शनीत काढला. असा माणूस सासरा म्हणून मिळाला याचा मला अभिमान आहे. हे तुमच्या तोंडावर म्हणायची छाती झाली नाही. तुम्ही काहीतरी बोचरं बोलून उडवून लावलं असतंत.

आता ते राहिलेलं. ब्रश देताना तुम्ही म्हणालात, "परवा दारात उभी राहून पाहिलंस ना, तसंच कर. चहा पार गार झाला होता, म्हणजे बराच वेळ पाहिलंस."

हो. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मी चहा घेऊन आले होते आणि तुमच्या पाठीमागं अर्धा तास उभी होते. काजळी कालवताना, लावताना, टिपताना, सगळं पाहिलं. तुम्ही ते मुद्दाम करता, कुणासाठी करता, किती जपून करता, सगळं मला कळलं होतं. बोळा हातात घेतला तेव्हा माझ्या डोक्यात भक्तिभाव नव्हता. गणपतीतल्या चहाची साखर होती. तुमचं काहीतरी पुसून टाकायचं होतं मला, आणि कुंकू-फूल वाहिलं ते कुणी बोट ठेवू नये म्हणून. आणि जो एक माणूस त्या दिवशी हसला नव्हता, त्याचीच ती गाडी होती. तुम्हाला हे त्याच दुपारी ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही गावभर सांगत फिरलात की पोरीला काय ठाऊक.

तेरा वर्षं शेजारी बसले, पण हे बोलले नाही. रविवारी तीच गोष्ट सांगितली. हे पत्रसुद्धा, वर बघा, त्या गोष्टीनंच सुरू केलं आहे. ते खोडत नाही, राहू दे. घडी घालून दोन केसांच्या ब्रशाच्या डबीत ठेवते. आप्पा, मला ठाऊक हाय ते चूक होतं. तेव्हाही ठाऊक होतं.