हात न लावता

ब्रॅकनेल, नोव्हेंबर २००९

प्रिय बाबा,

मी पास झाले! एवढं आधी ऐका, मग हवं तर पत्र बाजूला ठेवा. मी मेडिकल सोडलं तेव्हापासून आपण दोघं धड बोललेलो नाही. तुमच्या लेखी मी कृत्रिम गुडघे विकते. विकते बाबा, पण त्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायला शिकावं लागतं, आणि ते शिकताना इतकी मजा आली की कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय.

आमच्या कंपनीच्या ऑफिसात मागच्या बाजूला एक खोटं थिएटर आहे. दिवे खरे, ट्रॉल्या खऱ्या, पेशंट तेवढा प्लास्टिकचा. मॉरीन नावाच्या रिटायर्ड थिएटर सिस्टर आम्हाला शिकवतात. सर्जनला कुठलं हत्यार कधी लागेल हे कंपनीच्या माणसाला तोंडपाठ हवं, पण हात कशालाही लावायचा नाही. लांबून लेझरचा लाल ठिपका पाडून दाखवायचं. पहिल्या परीक्षेत मी सगळं घडाघडा सांगत होते आणि माझा पाय ट्रॉलीला लागला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी वाकून ट्रॉलीला हात लावला आणि नमस्कार केला! लहानपणी तुमच्या पुस्तकांना पाय लागला की करायला लावायचात ना, तस्साच. निर्जंतुक कापडावर माझी पाचही बोटं! मॉरीनबाईंनी अख्खा सेट बाद केला, आणि मलाही. मी काय केलं ते बाकीच्यांना कळेचना.

काल पुन्हा परीक्षा झाली. हात पाठीमागे घट्ट बांधून उभी राहिले. पाय लागलाच, धांदरट ती धांदरटच! पण नमस्कार मनातल्या मनात केला. मॉरीनबाईंनी पाठ थोपटली.

आता मुद्द्याचं. येत्या गुरुवारी माझी पहिली खरी केस आहे, तुमच्या थिएटरमध्ये. तिथले सर्जन माझे बाबा आहेत, हे मी आमच्या मॅनेजरला, राजला सांगितलं. तो म्हणाला, "सर्जन ओके असतील तर तू जा, नाहीतर दुसरं कोणीतरी अरेंज करतो." मला जायचंय बाबा, खूप जायचंय. तिथे मी तुम्हाला, इथे सगळ्या सर्जनना म्हणतात तसं, मिस्टर चितळेच म्हणेन. पण कितव्या नंबरचा गुडघा बसवायचा हे ठरवताना तुम्हाला माझ्याशी बोलावंच लागेल, आणि तुमचा आवाज ऐकायला मी आसुसलेय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण फोन तुम्ही स्वतः करा.

तुमचीच,
वरदा