ओळख न देणारे सर

११ नोव्हेंबर, मंगळवार

सोमशेखर सर गेले. डेपोच्या कँटीनमध्ये पेपरात वाचलं. चार ओळी आणि जुना फोटो — रिमांड होमचे निवृत्त अधीक्षक, रविवारी शोकसभा. माढा गाडीची वेळ झाली होती, म्हणून बेल मारून निघालो. वाटेत दोघांना भलत्याच स्टॉपचं तिकीट दिलं.

घरी काय सांगणार? विजयमालाच्या लेखी मी सोलापुरात बोर्डिंगला शिकलो. लग्नाला चौदा वर्षं झाली, अजून बोर्डिंगच!

१२ नोव्हेंबर, बुधवार

रिमांड होममधून मी सुटलो त्या दिवशी सर स्टँडपर्यंत सोडायला आले होते. म्हणाले, "तम्मा, उद्या रस्त्यात भेटलो तर मी ओळख देणार न्हाय. राग मानू नको. तुज्यासंगं कोण असंल, मला काय ठावं? तू हाक मारलीस तर थांबतो की."

सगळ्याच पोरांना ते तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे आणि हेच सांगायचे. आणि माणूस शब्दाचा पक्का. चार वर्षांपूर्वी माझ्याच गाडीत चढले. विजयमाला पुढच्या सीटवर. "एक मोहोळ," म्हणाले. तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं ते मोहोळपर्यंत. मी हाक मारली नाही. भित्रा लेकाचा! म्हातारा माणूस, उतरताना हात तरी द्यायचा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जायचं नाही. ठरलं.

मेव्हणा सयाजी जेवायला आला होता. त्याचा मांडवाचा धंदा. म्हणाला, "परवाच्या सभेला खुर्च्या माज्याच हायत, दाजी. शंभर मागवल्यात. येणार कोण वो तितं? सगळे चोरटे!" विजयमाला हसली. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जायचं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेलो. ड्यूटी आहे असं घरी सांगून.

हॉलमध्ये शंभर खुर्च्या आणि अकरा माणसं. समोरच्या चहाच्या टपरीवर मात्र उभं राहायला जागा नाही! चाळीस-पन्नास बाप्ये. रिक्षावाले, इस्त्रीच्या शर्टातले, एकजण तर पोलिसाच्या वर्दीत. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळे चहा पीत हॉलच्या दाराकडे बघत होते. मीही त्यांच्यातच. दोन कप झाले.

मग माइकवर सरांच्या मुलीचा आवाज आला — "बाबांच्या मुलांपैकी कोणी बोलेल का?" तिनं दोनदा विचारलं. पुढे नुसती खरखर. ती ऐकवेना मला. लाज वाटली, स्वतःची आणि टपरीवरच्या सगळ्यांची. रस्ता ओलांडला.

माइकपाशी सयाजी. "दाजी? तुमी हितं?"

मी माइक घेतला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हटलं, दोन वर्षं सरांकडे होतो. त्यांनी मला माणसात आणलं, आणि मी माझ्याच गाडीत त्यांना ओळख दिली नाही. पुढे रडूच आलं. डोळे पुसून बघतो तर टपरीवरची माणसं एकेक करून आत येऊन बसत होती. वर्दीवालाही.

सयाजी तेवढा दिसेना. बाहेर त्याची मोटारसायकलही नव्हती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल मी पोचायच्या आत सयाजी घरी येऊन गेला होता. विजयमाला उंबऱ्यातच बसलेली. "काय केलं हुतं तुमी?"

सगळं सांगितलं. टेंभुर्णीचं गॅरेज, मी पंधरा वर्षांचा. बरोबरच्या पोरानं आईवरून शिवी दिली, माझ्या हातात पाना होता, तोच मारला. त्याचा एक डोळा गेला. मग सर, त्यांनी शिकवलं ते, मला कसं जपलं ते. बराच वेळ बोलत होतो. ती ऐकत होती. मग उठून भाकरी थापायला बसली.

माहेरी जाते असं म्हणाली नाही. राहते असंही नाही. आज डबा हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी डबा हातात देताना बोलली. एवढंच — "डोळा गेला त्या पोराचं नाव काय? आता कुटं असतो त्यो?"

नाव सांगितलं, बिरुदेव. कुठे असतो ते माहीत नाही. तेवीस वर्षांत मी कधी विचारलंच नाही.