वाळूची पेटी माझ्या हाती

कार्तिक पौर्णिमा, १९४६
बद्रीनाथनं शेडात मोठी लाकडी पेटी बसवली. पंपाच्या हवेसंग वाळू सुटते आन् गंजलेलं लोखंड धुतल्यावानी निघतं. हात घालायला दोन भोकं, पाहायला काच. लेक हुशारच माझा! म्हणाला, आई, लांब ऱ्हा. म्हणलं, बरं. पण वाळू मीच चाळणार. चाळणीचा हात माझ्या आईचा, ती आवाजावरून ज्वारीतला खडा काढायची.

वद्य तृतीया
पेटीच्या फटीतून धूळ निघू राह्यली. जुन्या गोधडीच्या पट्ट्या कोंबल्या. बिलकुल बंद! शेजारची साळूबाई म्हणाली, तुमची पेटी दात खाती. जळते मेली. कुत्रं मात्र शेडाकडं फिरकंना. थंडी पडली असंल.

वद्य अष्टमी, दुपारी
बद्रीनाथ जेवायला बसला तवा माझ्या गेलेल्या मालकांचा तांब्या आत धरला. समदे डाग गेले. वर कोरलेलं मालकांचं नावबी गेलं. जाऊ द्या, तांब्या कोणाचा ते घरात ठाऊक हाय. चमक न्हाई आली, पण चमकीनं डोळे दुखतात. सुनेला सांगितलं न्हाई.

अमावस्या
काच आतून आंधळी झाली. वाळूनंच खाल्ली. बद्रीनाथ म्हणाला, नवी काच येस्तोवर कोणी हात घालू नका. कोणी म्हणताना माझ्याकडंच का पाह्यलं?

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी
उद्या चंपाषष्ठी. देव उजळायचे. सून दुर्गा चिंच भिजवून बसली. म्हणाली, आत्याबाई, टाक द्या. म्हणलं, यंदा तुला तरास न्हाई. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले पाच टाक. खंडोबा, म्हाळसा, तुळजापूरची आई, नाग आन् आमचे मालक. मालकांचा फोटो काढायचा राहूनच गेला, त्यांचं रूप तेवढ्या टाकावर. सोनारानं नाक जरा वाकडं ठोकलंय. रोज त्या नाकाला हळद लावते, मंग घरातलं समदं सांगते.
पंपात हवा होतीच. काचेतून दिसंना, पण हाताला कळतं की! टाक आत जरा जास्तच धरले. सण काय रोज येतो?

चंपाषष्ठी
टाक पांढरेशुभ्र. पाचही सारखे.
दुर्गानं चिंचेचं पाणी मोरीत ओतलं. बद्रीनाथनं तळी भरायला घेतली, विचारलं, आई, यात खंडोबा कोणता, आबा कोणते? म्हणलं, मधला. मधला कोण, ते सांगितलं न्हाई. पाचांवर भंडारा उधळला.
समदे जेवायला उठल्यावर एकेक टाक बोटानं चाचपला.
नाक कुठंच लागंना.